जुन्या टाईपरायटरभोवती ऑफिस सजवायचंय, नाशिककरांनो सुचवा

गोदातीर
नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला एका जुन्या बंगल्याचा तळमजला भाड्याने घेतलाय, वकिलीच्या ऑफिससाठी. काम मुख्यतः जमिनीचं: खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं. दोन खोल्या, पुढे पडवी, खाली लाल कोबा.

माझ्या आत्याचा रविवार कारंजाजवळ टायपिंग क्लास होता. क्लास केव्हाच बंद झाला, पण तिथलं एक मराठी रेमिंग्टन तिने जपून ठेवलं होतं आणि आता ते मला दिलंय. चालू आहे, घंटीसुद्धा वाजते. माझी इच्छा अशी की सगळं ऑफिस या मशीनच्या अवतीभवती उभं राहावं. कोपऱ्यात शोभेला ठेवलेली वस्तू नको.

एका डेकोरेटरला विचारलं. त्याने विटांचा वॉलपेपर, परदेशी शहरांची पोस्टर्स, लाल टेलिफोन बूथचं कपाट असं काय काय दाखवलं. सुंदर होतं, पण ते माझ्या आत्याचं नव्हतं आणि नाशिकचंही नव्हतं. भिंती, टेबल, दिवे कसे असावेत? मशीनला रंग द्यावा का? जुन्या वस्तू गावात कुठे बघाव्यात? आणि येणाऱ्या पक्षकारांना हे ऑफिस मागासलेलं तर वाटणार नाही ना? खर्च बेताचाच करायचाय.

मेनरोडवाली
आधी फोटो टाका! रविवार कारंजाच्या त्या क्लासमधून बहुतेक माझी मावशी मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास झालीय. जिन्यापर्यंत खडखडाट ऐकू यायचा म्हणते.

कोबा
पहिली विनंती, त्या लाल कोब्यावर टाईल्स बसवू नका. घरमालक म्हणाला तरी नको. ऑक्साईडचा कोबा आता तसा घोटणारे कारागीर शोधावे लागतात. तडे असतील तर भरून घ्या, मेणाचं पॉलिश करा, महिन्याभरात बघत राहाल असा चकाकेल.

भिंतींचं म्हणाल तर जुन्या कचेऱ्या डोळ्यांसमोर आणा. खाली कमरेपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा, वर पांढरा चुना. त्या पट्ट्यामागे कारण होतं. बाकावर बसलेल्या माणसाची पाठ, हात, पिशवी जिथे टेकते तेवढाच भाग पुसता येण्यासारखा ठेवायचा. तुमच्याकडेही माणसं बसून राहणार, म्हणून पडवीत आणि बाहेरच्या खोलीत हा पट्टा घ्याच. रंग मोरपंखीकडे झुकणारा हिरवा किंवा राखाडी निळा. वर चमक नसलेला मोतिया रंग. कोबा लाल असल्यामुळे हिरवा उठून दिसेल.

दिवे उबदार उजेडाचे, २७०० केल्व्हिन लिहिलेले एलईडी घ्या. हिरव्या काचेचा पितळी टेबललॅम्प सगळे सुचवतील, तो अमेरिकन बँकांतला. आपल्याकडे कारखान्यात आणि स्टेशनांवर एनॅमलच्या पत्र्याची शेड असायची, वरून हिरवी आणि आतून पांढरी. ती टेबलावर खाली सोडलेली छान दिसेल आणि उजेड नेमका कागदावर पडेल. काळी गोल बटणं लाकडी पाटीवर बसवता येतात, नवीन मिळतात. पण आतलं वायरिंग नवं आणि अर्थिंगसकट. तिथे जुनेपणाचा हट्ट अजिबात नको.

द्राक्षबाग
मशीनला तांब्याच्या रंगाचा स्प्रे मारा, वर झाडाच्या कुंड्या. इन्स्टावर असले फोटो भरपूर आहेत, मस्त दिसतं.

टकटक
द्राक्षबाग, राग मानू नका, पण स्प्रे मारला की ते मशीन मेलं. रंगाचे कण टाईपबारच्या खाचांत जातात. प्रत्येक अक्षराची दांडी एका अर्धगोल पट्टीत उभी असते, तिथे केसाएवढीच मोकळीक असते. रंग गेला की दांडी वर जाते आणि खाली येत नाही. कुंडीतलं पाणी गेलं तर गंज. रेमिंग्टनचा मूळ रंग, तो खरखरीत राखाडी किंवा काळा, हाच त्याचा दागिना आहे.

मी कोर्टाबाहेर बरीच वर्षं टायपिंग केलंय, सीबीएस म्हणजे जुन्या एसटी स्टँडजवळच. त्यामुळे गोदातीर ताई, सजावटीच्या आधी दोन कामाच्या गोष्टी सांगतो.

टेबलाची उंची. लिहायचं टेबल साधारण ३० इंच असतं. टायपिंगचं २६-२७ इंच लागतं, कारण कळफलक मशीनच्या उंचीमुळे आणखी वर येतो. लिहायच्या टेबलावर मशीन ठेवलंत तर खांदे वर उचलून टाईप करावं लागेल आणि चार दिवसांत तुम्ही ते बंद कराल. मग ते शोभेचंच होणार. तेव्हा वेगळं बुटकं टेबल करून घ्या, तुमच्या मुख्य टेबलाला काटकोनात. खुर्ची फिरवली की मशीन समोर.

दुसरं वजन. हे मोठं ऑफिसचं मशीन बारा-पंधरा किलोचं असतं आणि टाईप करताना कॅरेज, म्हणजे कागद धरणारा वरचा भाग, डावीकडे सरकत जाते, म्हणजे टेबलाला सतत हिसके. पाय जाड हवेत. मशीनखाली नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, घाला, अर्धा इंच जाडीचा. आवाज निम्मा होतो. आणि कॅरेज दोन्ही बाजूंना बाहेर येते, तिथे भिंत, फुलदाणी, चहाचा कप काहीही नको.

मेनरोडवाली
टकटक दादांची पोस्ट आईला वाचून दाखवली, ती म्हणाली "चहाच्या कपाचं खरंय" आणि पाच मिनिटं हसत होती. कोणाचा कप ते सांगितलं नाही.

सागवान
टेबलासाठी जुनं सागवान बघा. जुन्या नाशकात वाडे उतरवतात तेव्हा तुळया, दारं, खिडक्यांच्या चौकटी विकायला निघतात. एका जुन्या तुळईतून टेबलाची फळी आणि चार पाय सहज निघतात. नवीन लाकडाला तशी दाट रेघ मिळणं मुश्किल. घेताना टाचणीने टोचून बघा. बाहेरच्या फिकट भागात किडे लागतात. बारीक भोकं दिसली आणि खालून पिठासारखी भुकटी पडली तर ती फळी घेऊ नका. मधला गडद भाग सहसा पक्का असतो. जुने खिळे राहिलेले असतात, सुताराला आधी सांगा, नाहीतर त्याची करवत जाते आणि तो तुमच्यावर चिडतो.

अंजनेरी
सागवान, मला हे पटत नाही. वाड्यांच्या लाकडाला किंमत आली म्हणूनच वाडे लवकर पडतायत. मालक बघतो, दुरुस्तीला लाखो लागणार आणि उतरवला तर उलट पैसे येणार. आपण ऑफिसला "वाड्याचा फील" यावा म्हणून खरा वाडा संपवायचा?

सागवान
अंजनेरी, तुमची कळकळ समजते. पण वाडा पडतो तो भाडेकरू आणि मालकांच्या वादात, वाटण्यांत आणि पावसाने भिजलेल्या मातीच्या भिंतींमुळे. लाकूड विकून येणारे पैसे त्यापुढे किरकोळ. माझ्या डोळ्यांदेखत नक्षीच्या खणपट्ट्या जळणात गेल्यात. कोणी घेतलं नसतं तर त्या वाचल्या असत्या असं नाही. कोणी घेतलं असतं तर मात्र वाचल्या असत्या.

अंजनेरी
मान्य, जळणात जाण्यापेक्षा टेबल बरं. तरी एक करा, ज्या वाड्याचं लाकूड घ्याल त्याचं नाव, गल्ली, उतरवल्याचं साल टेबलाखाली लिहून ठेवा. फोटो मिळाला तर तोही. एवढं तरी राहील.

गोदातीर
अंजनेरी, हे मी नक्की करणार. जमिनीचे जुने कागद वाचण्यातच दिवस जातो माझा. कोणाकडून कोणाकडे काय गेलं याची नोंद नसली की काय होतं ते रोज बघते.

पडवी
विषय निघालाच आहे तर, सराफ बाजार, दहीपूल भागात आमचं दुकान आहे. तळमजला म्हटलं की आम्हाला आधी पूर आठवतो. २००८, २०१६, २०१९. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय यावर आमच्या माळ्यावर काय चढवायचं ते ठरतं. गंगापूर रोडलाही नदीकाठचा भाग आहेच. जागा कुठे आहे ते बघून मशीन आणि कागद ठेवा.

गोदातीर
जागा नदीपासून चांगली वर आहे, पडवी. घरमालकांनाही विचारलं, आजवर पाणी आलेलं नाही. तरी मूळ कागद वरच्या फळीवर.

नाकारोड
कोणीच आपल्या नाशिक रोडचं नाव काढलं नाही! इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली इथे सुरू झाली. देशाची पोस्टाची तिकिटं, मुद्रांकाचे कागद इथून छापून गेलेत. तुमचं ऑफिस दस्तांचं, दस्त मुद्रांकावर आणि मुद्रांक नाशिकचा. भिंतीवर लावायला यापेक्षा जवळचं काय असणार? परदेशी पोस्टर काढा आणि जुनी वापरलेली तिकिटं, अंतर्देशीय पत्रं, रद्द झालेले जुने कोर्ट फी स्टॅम्प फ्रेम करा. तिकिटं जमवणाऱ्यांकडे वापरलेली तिकिटं अगदी स्वस्तात मिळतात. फ्रेम करताना डिंकाने चिकटवू नका, कागदी बिजागऱ्या मिळतात त्या वापरा आणि थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर नको, रंग उडतो.

कोबा
नाकारोड, वा! हे खरंच नाशिकचं. एकाच मोठ्या फ्रेममध्ये मधे भरपूर मोकळी जागा ठेवून लावा. दहा छोट्या फ्रेम्स नकोत.

शब्दफीत
थोडं अवांतर. मराठी मशीन म्हणताय म्हणून विचारते, तुमच्या पिढीतल्या किती जणांनी ते चालवून बघितलंय? त्यावर पूर्ण अक्षर बरेचदा एका कळेत मिळतच नाही. अर्धा ग दाबायचा, मग काना दाबायचा, तेव्हा ग होतो. तसंच प, म, त. पहिली वेलांटी बोलताना नंतर येते, पण मशीनवर अक्षराच्या आधी मारायची. काही चिन्हांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज जागची हलत नाही, म्हणजे चिन्ह आणि अक्षर एकाच जागी बसतं. इतक्या मोजक्या कळांत बाराखडी आणि जोडाक्षरं बसवणाऱ्यांना मी मनापासून मानते. कृतिदेव फॉन्ट वापरणारे आजही संगणकावर हाच क्रम मारतात.

इंग्रजीची क्वर्टी रचना १८७० च्या दशकात शोल्स आणि रेमिंग्टनच्या मशीनवर आली आणि फोनपर्यंत पोचली, हे सगळे सांगतात. आपल्या कळफलकाबद्दल कोणी बोलत नाही. गोदातीर, त्याचा एक मोठा स्वच्छ तक्ता भिंतीवर लावाच. आत्याच्या क्लासमध्ये असणारच.

मेनरोडवाली
+१. मावशी म्हणते तक्ता समोर असायचा आणि कळांकडे बघितलं की बोटांवर पट्टी :)

मधलीगल्ली
माझ्याकडे ऑलिव्हेटी लेटेरा २२ आहे, ते छोटं, हँडलवालं. १९५० चं डिझाइन, मार्चेल्लो निझ्झोलीचं. ते कुठेही शोभतं, हलकं आहे. मोठ्या रेमिंग्टनऐवजी असं छोटं घेतलंत तर जागा वाचेल.

गोदातीर
मधलीगल्ली, देखणं मशीन आहे ते. पण माझ्यासाठी हे आत्याचं आहे म्हणूनच ऑफिस त्याच्याभोवती. त्याच्याऐवजी दुसरं मला चालणार नाही.

टकटक
शाबास.

गोदरेजप्रेमी
कपाटांचं कोणी बोललं नाही. गोदरेजची जुनी लोखंडी कपाटं आणि चार खणांची फाइल कॅबिनेट बघा. लोखंडी कपाट हे लाकडाइतकंच त्या काळातलं आहे, गोदरेजने १९२३ पासून ती बनवली. पुढे १९५५ मध्ये टाईपरायटरही काढला आणि २००९ पर्यंत बनवला. कोर्टकचेऱ्यांत हे दोन्ही शेजारी शेजारीच असायचे. सगळंच सागवानी केलंत तर ऑफिस दिवाणखान्यासारखं होईल. एक राखाडी लोखंडी कपाट कचेरीची खूण देतं.

प्रिंटर, राउटर त्यातच. मागच्या पत्र्याला वायरीपुरतं आणि हवेसाठी भोक पाडून घ्या, कडेला रबर लावा म्हणजे वायर कापली जाणार नाही.

काळा_कोट
मी दिवाणी कामं करतो, तीस वर्षांवर झाली. पक्षकाराच्या प्रश्नावर बोलतो, कारण तोच खरा आहे.

आपल्याकडे येणारा माणूस भावाशी भांडून आलेला असतो, नाहीतर बाप गेल्यावर सातबारा घेऊन आलेला असतो. निफाड, दिंडोरी, सिन्नरहून सकाळी निघालेला असतो. त्याला भारी ऑफिसची धास्ती वाटते. काचेचं दार, एसी, गुळगुळीत सोफा बघून तो चपला बाहेर काढतो आणि खुर्चीच्या टोकावर बसतो. तुमच्याकडे कोबा, बाक आणि टाईपरायटर बघून तो नीट टेकून बसेल. आमच्या वडिलांचं खरेदीखत असल्याच मशीनवर झालं होतं, असं सांगेल. बोलणं तिथून सुरू झालं की पुढची माहिती सरळ मिळते.

पण दोन अटी. समोर टेबलावर मांडामांड नको. कागद पसरायला तीन फूट मोकळी जागा ठेवा, जमिनीचे नकाशे मोठे असतात. आणि संगणक दिसू द्या. ई-फायलिंगचा जमाना आहे, वकील काळासोबत आहे हेही पक्षकाराला दिसायला हवं. मशीनचं काम मशीन करेल, संगणकाचं संगणक.

द्राक्षबाग
टकटक दादा, स्प्रे रद्द! :) कॉलेज रोडला एका कॅफेत मात्र टाईपरायटरच्या कळा कापून कीचेन केलेल्या बघितल्या. तेव्हा गंमत वाटली होती, हे सगळं वाचल्यावर वाईट वाटतंय.

टकटक
द्राक्षबाग, मोठ्या मनाने घेतलंत. कळा कापलेल्या मशीनचं पुढे काहीच होत नाही. कळांशिवाय ते कोणी दुरुस्त करत नाही आणि दुसऱ्याच्या कळा बसतीलच असं नाही. तसं मशीन भंगारात दिसलं तर स्पूल म्हणजे रिबिनीची रिळं, रोलरचे गोळे, स्प्रिंगा तरी काढून घ्या, दुसऱ्या कोणाचं मशीन त्यावर चालेल.

आता साफसफाईचं. आधी ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने धूळ. मग टाईपच्या तोंडांवर कडक टूथब्रश, थोड्या स्पिरिटमध्ये बुडवून, पण खाली जुनं फडकं धरून, म्हणजे काळं पाणी आत जाणार नाही. मराठीत ब, व, ष यांच्या पोटात शाई आणि रिबिनीचे धागे घट्ट बसतात. कागदावर अक्षराचं पोट काळं भरून आलं तर समजायचं. दात कोरायच्या लाकडी काडीने अलगद काढा, सुई लावू नका. टाईपबारच्या खाचांत तेल अजिबात नको. आज गुळगुळीत वाटतं, उद्या त्यावर धूळ बसून चिकट होतं. तेलाचा थेंब फक्त कॅरेजच्या रुळांना, तोही पुसून.

रिबिन अर्धा इंच रुंद. अजून मिळते, मोठ्या स्टेशनरीवाल्याला सांगून ठेवा. पण मूळ लोखंडी स्पूल टाकू नका. नवी रिबिन प्लास्टिकच्या स्पूलवर येते, ती जुन्या स्पूलवर गुंडाळून घ्यायची. टोकाजवळचा छोटा लोखंडी डोळा आहे ना बघा, त्याच्या धक्क्याने रिबिन उलटी फिरते. तो नसेल तर रिबिन एका टोकाला जाऊन अडकते आणि अक्षरं फिकी पडत जातात.

गोदातीर
टकटक दादा, ही पोस्ट छापून मशीनच्या खणात ठेवतेय.

आज आत्या जागा बघायला आली होती. तुमचं सगळं तिला वाचून दाखवलं. हिरवा पट्टा तिला आवडला, क्लासमध्ये तसाच होता म्हणाली. तक्ता तिच्याकडे आहे, कापडावर चिकटवलेला, घडीवर थोडा फाटलाय. तो फ्रेम न करता वरखाली लाकडी दांडी लावून टांगणार आहे. तिच्या एका मागणीपुढे मात्र माझं काही चाललं नाही. संध्याकाळी काम संपलं की मशीनवर रेक्झिनचं झाकण पडलंच पाहिजे. मी म्हटलं, झाकलं तर दिसणार कसं? ती म्हणाली, दिवसभर उघडं राहील तेवढं दिसणं पुरे, धुळीने मशीन जातं.

मी मशीनवर काय टाईप करणार हेही तिने विचारलं. मी ठरवलंय: फाइलींवरची नावं, पाकिटांवरचे पत्ते आणि प्रत्येक पक्षकाराला द्यायची कागदांच्या यादीची पावती. रोज थोडं थोडं काम होईल.

शब्दफीत
फाइलींवरची नावं ही कल्पना फार आवडली. कार्डशीट जाड घेऊ नका, रोलरभोवती नीट वळत नाही. आणि कागदामागे एक जादा कागद लावा, जुना रोलर कडक झालेला असतो, जादा कागदामुळे अक्षर कागदात रुतत नाही.

पडवी
बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जाऊन या. जुने पितळी पेपरवेट, दौती, हातघंटी, कधी कधी लाकडी पेनस्टँड मिळून जातात. सकाळी लवकर जा. पितळेला उजळा द्यायचा असेल तर तांबट लेनमध्ये विचारा, पण माझं मत विचाराल तर फार चकाकवू नका.

कोबा
गोदातीर, मग क्रम असा धरा: वायरिंग, भिंती, कोब्याचं पॉलिश, मग टेबल. वस्तू सगळ्यात शेवटी, आणि दोन-तीन महिन्यांत हळूहळू. एकदम आणलेल्या वस्तू दुकानासारख्या दिसतात. खिडकी कुठल्या दिशेला आहे?

गोदातीर
एक पूर्वेला, एक उत्तरेला.

कोबा
मग मशीन उत्तरेच्या खिडकीशी. दिवसभर सारखा उजेड आणि ऊन थेट नाही. रोलरचं रबर आणि रेक्झिन दोन्ही टिकतील. तिकिटांची फ्रेमही त्याच बाजूच्या भिंतीवर.

गोदातीर
ठरलं. सुतार सोमवारी येतोय, फळी सागवान यांनी सांगितल्याप्रमाणे टोचून घेतलीय. मशीन आत्याच्या घरून रविवारी आणायचंय. रिक्षात नेलं तर चालेल का?

टकटक
चालेल, पण कॅरेज मधोमध आणून दोन्हीकडचे मार्जिन तिथेच आणा, म्हणजे सरकणार नाही. वरून सुती दोरीने एक फेरा. उचलताना खालच्या सांगाड्याला धरून, रोलरच्या गोळ्यांना कधीच नाही. सीटवर नको, पायाशी गोधडी घालून ठेवा, तोंड तुमच्याकडे. मी रविवारी मोकळा आहे, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. टेबलावर बसवल्यावर स्पेसिंग एकदा बघून देतो.